निळा ठिपका

गोव्याच्या उत्तर टोकाला आमच्या इब्रामपुरात कृष्णनाथ गावसाला सगळे 'करंट' म्हणतात. साखळी गावच्या गॅरेजात तो खनिजाच्या टिपरांचं वायरिंग करायचा तेव्हापासूनचं हे नाव. टिपर लाल धुळीने माखलेले यायचे, आणि कृष्णनाथ संध्याकाळी घरी पोचायचा तो टिपरापेक्षा लाल होऊन. खाणी बंद पडल्या तसं गॅरेज बंद पडलं. मग मोप्याच्या पठारावर विमानतळाचं काम निघालं, तिथे केबल ओढायला लागला. विमानं उडायला लागल्यावर तेही काम संपलं. तोवर विजेच्या गाड्या आल्या होत्या. त्यांच्यासाठी हॉटेलांच्या आवारात चार्जर बसवणाऱ्या एका कंपनीने त्याला घेतलं. हात चांगला, वर कुठेही जायला तयार. कंपनीने आधी काठमांडूला पाठवला, मग थायलंडला, आणि तिथून व्हिएतनामात दानांग नावाच्या समुद्राकाठच्या शहरात.

ही गोष्ट मात्र त्याची म्हणता येणार नाही. ती त्याच्या बायकोची, तेजस्विनीची आहे.

तेजस्विनी मोप्याची. तिच्या वडिलांचे, शिवदासांचे, पठारावर काजू होते. लहानपणी ती शाळा बुडवून काजूची फळं, बोंडू, वेचायला जायची, आणि घरी येताना फ्रॉकवर डाग पडले म्हणून आईचा मार खायची. विमानतळाला जमीन गेली त्यात ते काजूही गेले. शिवदास त्यावर कधी बोलले नाहीत, फक्त उन्हाळा आला की त्यांना घरात बसवेनासं व्हायचं. आणि त्याच पठारावरून, जिथे तिचे काजू होते तिथूनच, नवऱ्याला घेऊन विमान उडालं. सोडायला गेली त्या दिवशी ती काचेच्या दाराबाहेर उभी राहून मनात ठरवायला बघत होती, आपलं ते मोठं काजूचं झाड नेमकं कुठल्या बाजूला होतं. काही केल्या ठरेना.

घरी सासू गंगा, मुलगी सेजल आणि दोन म्हशी. गंगाबाईंना मुलगा परदेशात नेमकं काय करतो ते कोणीच समजावू शकलं नव्हतं.

"गाडयेक करंट भरता तो, आई," तेजस्विनी सांगायची.

"म्हंजे वैरण घालता," गंगाबाई म्हणायच्या. "दुसऱ्यांच्या गोरवांक वैरण घालूक इतक्या लांब कित्या जावक व्हया? हय म्हशी उपाशी आसत."

कृष्णनाथ फोनवर रोज दिसायचा. कधी डोक्यावर हेल्मेट, कधी मागे मोठा पूल, कधी स्कूटरींची रांगच रांग. तिकडे कॉफीच्या दुकानाबाहेरसुद्धा चार्जर, पेट्रोल पंपावर चार्जर, देवळाच्या वाहनतळावर चार्जर. तो एखादा बसवून झाला की त्याचा फोटो पाठवायचा. तेजस्विनी फोटो मोठा करून बघायची. चार्जर बघायची नाही. त्याच्या चकचकीत दारावर फोटो काढणाऱ्याची सावली पडलेली असायची, ती बघायची. बारीक झालाय की नाही ते त्यावरून कळतं, असं तिचं म्हणणं.

पहिल्या वर्षी तो गणेश चवथीला आला. सगळं गोंय चवथीला घरी येतं, तसा तोही आला. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना शिडीवर चढून तो सहज म्हणाला, "आमच्या ह्या रस्त्यार एकय चार्जर नाय. दोडामार्गासून मोप्याक जातत ते सगळे हयसूनच जातत. कोणाचो करंट सरलो तर काय करतले?"

बोलून तो विसरला. तेजस्विनी विसरली नाही.

तिच्या मनात जे आलं ते तिने तेव्हा कोणाला सांगितलं नाही, पण पुढे एकदा माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. तिला वाटलं, इथे चार्जर बसायचा ठरला तर बसवायला कंपनी दुसऱ्या कोणाला कशाला पाठवील? आपल्याच दारात आहे तर त्यालाच पाठवील. आणि एक बसला की दुसरा पेडण्याला बसेल, तिसरा डिचोलीला. मग माणूस इथेच राहील.

घरासमोर रस्त्याला लागून त्यांची थोडी पडीक जागा होती, चिऱ्याच्या कातळाची. कंपनीलाही आतल्या रस्त्यांवर जागा हव्याच होत्या. तेजस्विनीने कृष्णनाथाकडून साहेबाचा नंबर मागून घेतला आणि स्वतः बोलली. वीज खात्यात वेगळ्या मीटरसाठी आणि जास्तीच्या लोडसाठी खेपा घातल्या. तिथला माणूस म्हणाला, "बाये, तुज्याकडेन गाडी तरी आसा?" ती म्हणाली, "स्कूटर आसा. विजेची." ती तिने शाळेत शिपायाची नोकरी लागल्यावर घेतली होती. तो हसला, पण काम केलं.

मंजुरी आली तेव्हा ती इतकी खूश होती की तिने पाववाल्या पोदेराकडून दुप्पट उंडे घेतले. रात्री फोन लावला.

"आता तुमी केन्ना येतल्यात? खड्डो मारूक सांगू?"

कृष्णनाथाने आधी आईची चौकशी केली. मग म्हणाला, "तेजू, हयचा काम वाढला. आणखी दोन शहरां दिल्यानी. साहेब म्हणता, थय कोणय बसयतलो."

"कोणय म्हंजे?"

"बाबली आसा मा. लायनमन. तो करतलो. मी फोनार आसंय."

तिने फोन ठेवला आणि सेजलचा गणवेश धुवायला घेतला. दोनदा धुतला.

तर तो चार्जर असा बसला. बाबली लायनमन खड्ड्यात, तेजस्विनी काठावर, आणि कृष्णनाथ तिच्या हातातल्या फोनमध्ये. आमचा कातळ सुका, त्यात अर्थिंग धरेना. बाबलीने यंत्र लावलं की काटा नको तिथे जायचा. "आणखी खोल," फोनमधून आवाज यायचा. बाबली शिव्या घालत आणखी खोल जायचा. शेवटी खाली ओल लागली. कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, वरून घागरींनी पाणी ओतलं. गंगाबाई दारात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "वैरण नाय, ह्यो तर लोणच्याचो बेत दिसता."

पेटी उभी राहिली. कार लावायला जाड नळीसारखी गन, खाली स्कूटरसाठी साधं तीन पिनांचं सॉकेट. तेजस्विनीने प्लग लावला, दिवा लागला, आणि त्याच क्षणी फोनमध्ये कृष्णनाथ ओरडला, "दिसता! माका हय दिसता!"

ते असं होतं. कंपनीच्या माणसांच्या फोनवर एक नकाशा असतो. जिथे जिथे चार्जर तिथे ठिपका. रिकामा असला की हिरवा, गाडी लागली की निळा, वीज किंवा नेटवर्क गेलं की राखाडी. आत्तापर्यंत तो नकाशावर तिकडचेच ठिपके बघायचा. आज बोटाने नकाशा सरकवत सरकवत समुद्र ओलांडला, डोंगर ओलांडले, आणि इब्रामपुरात एकच ठिपका निळा झालेला त्याला दिसला.

"तू आता स्कूटर लावलीस," तो म्हणाला. "माका कळला."

एवढं पुरे झालं. त्यानंतर तेजस्विनी शाळेतून आली की स्कूटर त्या सॉकेटला लावायची. बॅटरी भरलेली असली तरी लावायची. घरात न्हाणीघराजवळ प्लग होता, तिथे पूर्वी लावायची, आता नाही. थोडा वेळ लावून ठेवायची, काढायची. कधी दुपारी जेवण झाल्यावरही. तिकडे दानांगमध्ये एखाद्या तळघरात केबल कापता कापता कृष्णनाथ फोन बघायचा. निळा दिसला की दोन शब्द पाठवायचा: 'जेवलीस मां?' बोलायला कामावर सवड नसे, पण ठिपका बघायला वेळ लागत नाही. सेजलच्या लक्षात हे आलं. ती एकदा म्हणाली, "आये, स्कूटर फुल आसा." तेजस्विनी म्हणाली, "आसूं दी."

गाड्याही यायला लागल्या. विमानतळावर जाणारे, तिलारीचं धरण बघून परतणारे. चार्ज होईपर्यंत माणसं काय करणार? झाडाखाली उभी राहायची, डास मारायची. तेजस्विनीने बाकडं टाकलं, चहा सुरू केला, मग सकाळच्या वेळी पातळभाजी आणि उंडे. गंगाबाईंना माणसांशी बोलायला मिळालं म्हणून त्या खूश. प्रत्येकाला त्या मुलाबद्दल विचारायच्या, "माझो झील थय आसा, तुमका गावलो काय?" थय म्हणजे कुठे ते सांगायच्या नाहीत. माणसंही भली. "नाही हो आजी, यावेळी नाही भेटला," म्हणायची.

दुसऱ्या वर्षी चवथीला तो आला नाही. काम अडलं होतं. तेजस्विनीने फोन माटोळीसमोर धरला, मग गणपतीसमोर, मग आरतीत सगळ्यांच्या तोंडासमोरून फिरवला. आरती संपली तरी तो पलीकडे हात जोडूनच उभा होता. मागे कोणाचा तरी ड्रिल मशीनचा आवाज येत होता.

त्याच्या पुढल्या आषाढात ते झालं.

दुपारची वेळ. सकाळपासून वारा असा की माडाची झावळं पाखरांसारखी उडत होती. वीज गेली. थोड्या वेळाने फोनचं नेटवर्कही गेलं. चार्जरला एक मोटार लागलेली होती, साखळीचे रामचंद्र आणि त्यांची बायको. त्यांचा मुलगा विमानाने यायचा होता, त्याला आणायला निघाले होते. वीज गेली तशी ती दोघं घरात येऊन बसली. गंगाबाई नेहमीप्रमाणे विचारायला लागल्या, "माझो झील..." आणि वाक्य अर्धंच राहिलं. तोंड एका बाजूला गेलं, हातातला कप खाली पडला, चहा सांडला.

तेजस्विनी "आई, आई" करत होती. सेजल खिडकीशी उभी राहून रडत होती. रुग्णवाहिकेला बोलवायचं तर फोन लागेना. बाबली पावसातून धावत आला आणि म्हणाला, पेडण्याच्या बाजूला रस्त्यावर मोठा वड आडवा पडलाय, तिकडून काहीही येणार नाही, जाणारही नाही.

रामचंद्र उठले. "दोडामार्गाकडून साखळी मोकळी असेल. आजींना उचला."

"तुमचो झील येतलो मां? तुमका विमानतळार..." तेजस्विनी म्हणाली.

"तो येईल टॅक्सीने. उचला."

"गाडयेत करंट आसा?"

त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. "अर्ध्यापेक्षा कमी आहे. साखळीला पुरेल. पुढचं पुढे बघू."

विजेच्या गाडीला आवाज नसतो. तेजस्विनी सांगते, सासूचं डोकं मांडीवर घेऊन ती मागे बसली होती आणि पावसाच्या आवाजात फक्त गंगाबाईंचा श्वास ऐकू येत होता. एसी बंद, दिवे तेवढे चालू, रामचंद्र हळूहळू पण न थांबता चालवत होते. त्यांची बायको पुढून मागे हात करून गंगाबाईंचा पाय धरून बसली होती. ओळख ना पाळख. साखळीच्या सरकारी इस्पितळात वेळेवर पोचले म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. डावा हात मात्र तेव्हापासून नीट उचलत नाही.

तिकडे दानांगमध्ये कृष्णनाथाने नकाशा उघडला तर इब्रामपूरचा ठिपका राखाडी. पावसात वीज जाते, त्याला ठाऊक होतं. थोड्या वेळाने पाहिलं, राखाडी. फोन लावला, लागला नाही. संध्याकाळी राखाडी, दुसऱ्या दिवशी उजाडतानाही राखाडी. त्याच्या घरमालकीणबाई म्हाताऱ्या होत्या, त्यांना तिथे सगळे बा लान म्हणत. बा म्हणजे आजी. भाषा दोघांची कामापुरतीच जुळलेली. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला, नकाशावरचा ठिपका पाहिला, आणि त्याच्यासमोर पेजेचं भांडं ठेवून जवळ बसून राहिल्या. साखळीहून तेजस्विनीचा फोन लागला तेव्हा त्याच शेजारी होत्या. तो रडायला लागला तर त्यांनी आधी पेजेचं भांडं बाजूला सरकवलं, मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. हे सगळं त्याने पुढे सांगितलेलं.

तो निघून आला. मोप्याला उतरला तेव्हा तेजस्विनी स्कूटर घेऊन बाहेर उभी होती. पाऊस थांबला होता आणि पठारावरून वाफा निघत होत्या. तो दारातून बाहेर आला, तिने बॅग घेतली आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बारीक झाल्यात," ती म्हणाली.

"फोटोत दिसला नाय तुका?"

"सावळेत कितक्या दिसतला?"

इस्पितळात गंगाबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. जीभ जड झाली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या म्हणाल्या, "गावलो."

मग तो परत गेला नाही. कंपनीला गोव्यात आणि सिंधुदुर्गात देखभालीला माणूस हवाच होता, तो हा झाला. आज पेडणे, उद्या डिचोली, परवा सावंतवाडी, रात्री घरी. तेजस्विनीने तीन पावसाळे जे मागितलं होतं ते तिला मिळालं. पहिले महिने ती इतकी सुखात होती की स्कूटर पुन्हा न्हाणीघराजवळच्या प्लगला लावायला लागली.

पण हळूहळू तिला एक दिसायला लागलं. रात्री जेवताना तो मध्येच थांबायचा. चहाला उकळी आली की म्हणायचा, तिकडे कॉफी थेंबाथेंबाने गाळतात, वेळ लागतो, पण कोणी घाई करत नाही. समुद्रावरून वारा आला की म्हणायचा, असाच वास तिथे यायचा. फोनवर तिकडच्या कामगार पोरांशी मोडक्या भाषेत बोलताना खो खो हसायचा, आणि फोन ठेवला की ओटीवर जाऊन बसायचा. एकदा तिने पाहिलं, तो नकाशा बघत होता. इब्रामपूर नाही. दानांगच्या वाहनतळावरचा ठिपका, त्याने स्वतः बसवलेला. निळा झाला, हिरवा झाला, परत निळा. तो बघत बसला होता.

 तिला रागच आला आधी. दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही.

"थय कोण आसा काय तुमचा?" तिने शेवटी विचारलं.

तो इतका चकित झाला की हसायचंही राहिलं. "बा लान आसा," तो म्हणाला. "म्हातारी. एकटी. तिचो झील सायगोनाक आसता, वर्सान एकदा येता. माका ती जेवण घालायची मगे... मी निघालंय तेन्ना ती दारात उभी होती. तू विमानतळार उभी रवलंस तशी." मग म्हणाला, "मी तिका सांगलंय, परत येतंय म्हणान. गेलंयच नाय."

तेजस्विनी उठली आणि आत गेली. परत आली ती तांदूळ घेऊन. "ती पेज कशी करता ती दाखवा."

तिथे पेजेला चाओ म्हणतात. तांदूळ अगदी विरघळेपर्यंत शिजवायचे, त्यात आलं, वरून कांद्याची पात, आणि मासळीचं पाणी. कृष्णनाथाने केली. पहिल्यांदा करपली, दुसऱ्यांदा बरी झाली. गंगाबाईंना भरवली. आजारपणापासून त्या चार घासांवर उठायच्या, आज भांडं संपवलं.

"खंयची ही पेज?" त्यांनी विचारलं.

"तुझो झील वैरण घालूक गेल्लो मां, थयची," तेजस्विनी म्हणाली.

"बरी आसा," गंगाबाई म्हणाल्या. "ती बाय कोण, तिका सांग, बरी आसा म्हणान."

म्हणून फोन लावला. पडद्यावर बा लान आल्या, पांढरे केस मागे बांधलेले, दात एकदोनच. गंगाबाई आणि त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. एक मालवणीत बोलत होती, दुसरी तिच्या भाषेत, आणि दोघींचं काहीच अडलं नाही. मग बा लाननी फोन हातात घेऊन घर दाखवलं. चूल, पायऱ्या, कृष्णनाथ राहायचा ती खोली. खोलीत अजून त्याची चप्पल होती. खिडकीतून नदी आणि पलीकडे दिव्यांचा पूल. तेजस्विनी सेजलच्या खांद्यावरून वाकून बघत होती. फोन बंद झाल्यावरही ती तशीच वाकून उभी होती.

त्या आठवड्यात ती साखळीला जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढून आली. घरात कोणी काही विचारलं नाही. गंगाबाई तेवढं म्हणाल्या, "जावन ये. मी आसंय हय. सेजल आसा. म्हशींक बाबली बघतलो."

"जातलंय कधीतरी, आई," ती म्हणाली.

पासपोर्ट आला, तो तिने कपाटात साड्यांखाली ठेवलाय. जायचं अजून ठरलेलं नाही. सेजलची परीक्षा, मग चवथ, मग गंगाबाईंचा हात. पण चार्जरवर थांबलेल्या माणसांना चहा देताना ती आता विचारते, तुम्ही कुठे निघालात, किती वेळ लागतो, उंचावरून समुद्र दिसतो का. परवा पहाटे म्हशींचं दूध काढायला उठली तर बाहेर मिट्ट काळोख होता. कृष्णनाथही जागा झाला. ती गोठ्याच्या दाराशी बालदी घेऊन उभी होती.

"थय आपल्या आदी उजवाडता मां?" तिने विचारलं.

"आदी उजवाडता."

"म्हंजे बा लान उठली आसतली," ती म्हणाली. "पायऱ्यांर उन्हा पडली आसतली." आणि म्हशीच्या अंगावर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच काळोखात बघत राहिली.